'कुबेर' बोट विसरू नका

बोटमालक, तांडेल, खलाशी बांधवांनो,

नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट दहा अतिरेक्यांनी भर दर्यात पकडली. चार खलाशांना मारलं. तांडेलाला मुंबईपर्यंत बोट हाकायला लावली आणि मुंबई जवळ आल्यावर त्यालाही संपवलं. मग रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलंही होतं. २६ नोव्हेंबरच्या त्या हल्ल्यात १६६ जणांचा जीव गेला.

मासेमारीचीच बोट का? शेकडो बोटींत एक बोट कोणाच्या डोळ्यावर येत नाही, म्हणून. आज कार्डतपासणीचा आपल्याला कंटाळा येतो, पण तिचं मूळ इथं आहे.

नव्या खलाशाचं कार्ड बघितल्याशिवाय त्याला बोटीवर घेऊ नका. दर्यात संशयी बोट दिसली तर जवळ जाऊ नका. जागा, वेळ, रंग, नंबर टिपा आणि व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर कळवा. मोबाईलला रेंज असली तर कोस्ट गार्ड १५५४, सागरी पोलीस १०९३. बोट ठरल्या वेळी परतली नाही, तर घरच्यांनी सकाळची वाट बघत बसू नये, सोसायटीत लगेच सांगावं.

'कुबेर'वरचे पाचही जण आपल्यासारखेच पोटासाठी दर्यात गेले होते.