प्रकाशसंश्लेषणातील ऑक्सिजनचे क्षपण व क्रियाशील ऑक्सिजन रूपांची निर्मिती : खानदेशातील केळी व कापूस पिकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

खानदेशातील जळगाव व धुळे हे जिल्हे कापसासाठी प्रसिद्ध आहेत. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांची केळी देशभर जाते. ‘जळगाव केळी’स २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. या प्रदेशाचे हवामान विषम आहे. मे महिन्यात पारा ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, तर डिसेंबर-जानेवारीत काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. दोन्ही ऋतूंत आकाश बहुधा निरभ्र असते. थंडीत केळीची पाने पिवळी पडून करपतात, त्यास शेतकरी ‘चरका’ म्हणतात. कपाशीची पाने लाल होतात, त्यास ‘लाल्या’ म्हणतात. या विकृतींची कारणे एकाहून अधिक आहेत. तथापि पानाने शोषलेला प्रकाश व त्याचा प्रत्यक्ष वापर यांतील तफावत ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचा पूर्ण उलगडा होत नाही. ही तफावत ऑक्सिजन कशी भरून काढतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

इलेक्ट्रॉनांचा नेहमीचा मार्ग :

हरितलवकातील थायलॅकॉइड पटलांवर प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते. प्रकाशप्रणाली-२ पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून घेते. ते वाहकांच्या साखळीतून प्रकाशप्रणाली-१ कडे येतात आणि तेथून फेरेडॉक्सिन या प्रथिनामार्फत एनएडीपीपर्यंत पोहोचतात. यातून तयार होणारे एनएडीपीएच कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनविण्यासाठी खर्च होते. शर्करानिर्मिती सुरळीत चालू असेपर्यंत रिकामे एनएडीपी पुन:पुन्हा उपलब्ध होते. ती मंदावली की एनएडीपीचा तुटवडा पडतो आणि प्रकाशप्रणाली-१ पाशी इलेक्ट्रॉन साचू लागतात.

ऑक्सिजन : पर्यायी ग्राहक :

प्रकाशप्रणाली-१ च्या लगत ऑक्सिजनची उणीव कधीच नसते, कारण तो त्याच पटलांवर तयार होत असतो. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात व त्यांचे परिभ्रमण समांतर असते. त्यामुळे तो इलेक्ट्रॉनांची जोडी एकदम न घेता एकेक इलेक्ट्रॉन स्वीकारतो. पहिल्या इलेक्ट्रॉनाने सुपरऑक्साइड, दुसऱ्याने हायड्रोजन पेरॉक्साइड, तिसऱ्याने हायड्रॉक्सिल मूलक आणि चौथ्याने पाणी अशी ही क्रमवारी आहे. मधल्या तीन अवस्थांना क्रियाशील ऑक्सिजन रूपे म्हणतात. प्रकाशात ठेवलेली हरितलवके ऑक्सिजनचे क्षपण करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, हे मेहलर यांनी १९५१ मध्ये दाखविले. म्हणून ही अभिक्रिया ‘मेहलर अभिक्रिया’ या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले उत्पादन सुपरऑक्साइड आहे, हे जपानमधील कोझी असादा व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पालकाच्या हरितलवकांवरील प्रयोगांतून स्पष्ट केले.

प्रकाशप्रणाली-२ मध्ये तयार होणारा एकक ऑक्सिजन मात्र यापेक्षा भिन्न आहे. तेथे उत्तेजित हरितद्रव्य ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन न देता केवळ ऊर्जा देते.

संरक्षणाची व्यवस्था :

सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड व ऑक्सिजन यांत रूपांतर करते. अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे विकर क जीवनसत्त्वाच्या साहाय्याने पेरॉक्साइडचे पाणी बनविते. खर्च झालेले क जीवनसत्त्व ग्लुटाथायोन व फेरेडॉक्सिन यांच्याद्वारे पूर्ववत होते. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन अखेर पाण्यातच परततात, म्हणून असादा यांनी १९९९ च्या आपल्या लेखात यास ‘जल-जल चक्र’ म्हटले. या चक्रामुळे अतिरिक्त इलेक्ट्रॉनांना वाट मिळते. अल्प प्रमाणातील पेरॉक्साइड पेशीला ताणाची सूचनाही देते. ऑक्सिजनचे क्षपण स्वभावत: घातक नाही, निर्मितीचा वेग निवारणापेक्षा वाढला की ते घातक होते.

हे संतुलन नाजूक असते. सुमारे १० मायक्रोमोलर इतके पेरॉक्साइडसुद्धा हरितलवकातील कार्बनग्रहण निम्म्यावर आणू शकते. लोहाच्या संपर्कात त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनतो. त्याचे निवारण करणारे विकर नाही; तो मेद, प्रथिने व केंद्रकाम्ल यांवर तत्काळ आघात करतो.

खानदेशातील पिके :

थंडीत प्रकाशाचे शोषण कमी होत नाही, परंतु शर्करानिर्मितीची व संरक्षणाची विकरे मंदावतात. थंड रात्रीनंतर स्वच्छ ऊन पडते तेव्हा उष्ण कटिबंधीय केळीवर हा दुहेरी भार येतो. थंडीस संवेदनशील असलेल्या काकडीच्या पानांत कमी तापमानात प्रथम प्रकाशप्रणाली-१ नादुरुस्त होते, असे तेराशिमा व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले. केळीच्या बाबतीतही हा निष्कर्ष उद्बोधक आहे. थंडीत रात्री विहिरीचे कोमट पाणी देणे व बागेभोवती वारारोधक कुंपण राखणे या उपायांनी बागेतील तापमान टिकून राहते. साहजिकच विकरांचे कार्य फारसे मंदावत नाही.

उन्हाळ्यात वाट वेगळी, पण परिणाम तोच असतो. पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड घटतो आणि इलेक्ट्रॉनांचा ओघ ऑक्सिजनकडे वळतो.

लाल्यामध्ये रात्रीची थंडी, नत्राची कमतरता, पाण्याचा ताण व मॅग्नेशियमची उणीव यांपैकी एक वा अनेक कारणे असतात. मॅग्नेशियम हरितद्रव्याचा घटक आहे. शर्करेच्या वहनासाठीही ते लागते. ते कमी पडल्यास शर्करा पानातच अडते व कार्बनग्रहण मंदावते. मॅग्नेशियमची उणीव व प्रखर प्रकाश एकत्र आले असता घेवड्याच्या पानांत संरक्षक विकरांची क्रियाशीलता वाढते, असे चाकमाक व मार्शनर यांना १९९२ मध्ये आढळले. म्हणून लाल्यावर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सुचविली जाते. मात्र कारण नत्राचे वा पाण्याचे असेल तर केवळ तिने गुण येत नाही.

पॅराक्वाट हे तणनाशक याच मार्गाचा उपयोग करते. ते प्रकाशप्रणाली-१ कडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देते व पुन्हा मोकळे होते. त्यामुळे उन्हात तण त्वरेने करपते. माणसाच्या फुफ्फुसातही ते अशीच अभिक्रिया घडविते. त्यावर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही, हे फवारणी करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

निष्कर्ष :

ऑक्सिजन हा प्रकाशसंश्लेषणाचा केवळ उपपदार्थ नसून इलेक्ट्रॉनांचा पर्यायी ग्राहकही आहे. प्रकाशाचे शोषण, शर्करानिर्मिती व निवारण यांचा मेळ राहतो तोवर हा मार्ग पानाचे रक्षण करतो. मेळ सुटला की तोच पानास जाळतो. चरका वा लाल्या यांवर उपाय योजताना पान करपले एवढ्यावर न थांबता, थंडी, पाणी व अन्नद्रव्य यांपैकी कशामुळे हा मेळ सुटला याची तपासणी आधी करणे आवश्यक आहे.