मृगराजाची मृगया

शाळेंत संस्कृत शिकवीत असतां सिंहाचें वर्णन आलें कीं आमचा आवाज आपोआप चढत असे. गर्जनेनें अरण्य दणाणून सोडावें, एकाच झेपेंत मत्त गजाचें गंडस्थळ फोडावें आणि त्यांतील मोत्यें भूमीवर विखुरावीं, असा त्या वर्णनांचा ठरीव थाट. एके दिवशीं मागल्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, सिंह आधीं गर्जना करतो, तर हरिणें पळून नाहीं का जात?" वर्गांत हंशा पिकला, आणि आम्हीं त्या मुलास तास संपेपर्यंत उभें केलें. सेवानिवृत्तीनंतर या विषयावरील ग्रंथ चाळतांना आमची खात्री झाली कीं, त्या दिवशीं उभें राहावयास हवें होतें तें आम्हीं.

जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञानें १९६६ ते १९६९ या काळांत टांझानिया देशांतील सेरेंगेटीच्या गवताळ माळावर सिंहांचें निरीक्षण केलें व १९७२ सालीं त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गर्जना ही स्वकीयांस हांक व परक्यांस इशारा. शिकारीच्या वेळीं मात्र सिंह मौन पाळतो. शिकार बहुधा रात्रीं होते, आणि चांदणें नसेल तर अधिक साधते. झेब्रा काय किंवा विल्डबीस्ट नांवाचें तें दाढीवालें थोराड हरिण काय, धांवण्यांत सिंहिणीस सहज मागें टाकतात. तिचा जोर शेंदोनशें मीटरांतच संपतो. म्हणून पोट जमिनीस लावून ती गवताआडून सरकते. सावजानें मान वर केली कीं निश्चल होते, तें पुन्हां चरूं लागलें कीं दोन पावलें पुढें येते, आणि अंतर तीस मीटरांवर आल्यावांचून सहसा उठत नाहीं. इतकी ही सावध. परंतु वारा कोणत्या दिशेनें वाहतो हें तिच्या ध्यानींच नसतें, आणि कित्येकदां तिचा वास आधीं पोंचून सारी मेहनत फुकट जाते! एकटी चालून गेली तर पांचसहा वेळांत एखादेंच सावज हातीं लागतें. दोघीतिघी मिळाल्या तर सुमारें तिहींत एक.

नामिबियांतील एटोशा येथल्या सिंहिणींविषयीं फिलिप स्टँडर यांनीं १९९२ सालीं लिहिलें आहे, तें याहून मनोरंजक आहे. कांहीं जणी बगलेनें वळसा घालून कळपास उठवितात, कांहीं मध्यें दबा धरून राहतात, आणि प्रत्येकीची जागा बहुधा ठरलेली असते. पुरण कोणीं वाटावयाचें आणि पोळ्या कोणीं लाटावयाच्या हें ज्या घरांत न बोलतां ठरतें, तेथील वाचकभगिनींस याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

सावज खालीं पाडल्यावर सिंहीण त्याचा गळा दांतांत धरून ठेवते, किंवा त्याचें नाकतोंडच आपल्या जबड्यांत मिटून घेते. मोठें जनावर रक्तस्रावानें नव्हे, तर श्वास कोंडून मरतें, व त्यास कित्येक मिनिटें लागतात. चित्रपटांत हें पाहतांना आमच्या नातीनें डोळे झांकले. आम्हींहि खिडकीकडे पाहिलें. पण झेब्र्याची एक लाथ वर्मीं बसली तर सिंहिणीचा जबडा मोडतो, आणि मग उपाशी मरण्याची पाळी तिची.

नर पंक्तीस मात्र पहिला. तो अगदींच ऐतखाऊ नव्हे. दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानांत नर दाट झाडींत एकटे दबा धरून शिकार करतात, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. तरी आयत्या ताटावर बसण्यांत त्यास संकोच नाहीं. न्गोरोंगोरो येथें हान्स क्रूक यांनीं पाहिलें कीं, तरसांनीं रात्रीं मारलेलें सावज सिंह हिसकावून घेतात आणि सकाळीं पाहणाऱ्यास तरसेंच उष्टें खाणारीं वाटतात! दुष्काळीं पिलांस शेवटीं हाडें मिळतात, कधीं तींहि नाहींत. आईसुद्धां आपला घांस सोडीत नाहीं. पुष्कळ पिलें दोन वर्षांचीं होण्यापूर्वींच दगावतात, त्यांत उपासमार हें मोठें कारण आहे.

राहिला कवींचा हत्ती. बोट्स्वानांतील सावुटी येथें १९९३ ते १९९६ या काळांत सिंहांनीं खरोखरच हत्ती मारल्याची नोंद आहे. परंतु तीं बहुतेक अल्पवयीन जनावरें होतीं, आणि झडप रात्रीं, अनेकांनीं मिळून, मागून व पाठीवर घातलेली होती. मोतीं कोणासहि सांपडलें नाहीं. तो मागल्या बांकावरचा मुलगा हें वाचीत असेल, तर त्यानें आतां खालीं बसावें.