धरणाकाठचा मासा आणि लिमाचं मेनूकार्ड

सिद्धेश्वर धरणाजवळ जेवणाचं छोटं हॉटेल टाकायचंय? मग आधी पेरू देशातल्या लिमा शहराकडे बघा. (फळ नव्हे हो, देश!) तिथलं 'सेंत्राल' हे रेस्टॉरंट २०२३ साली जगातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटच्या यादीत पहिलं आलं. तिथं जेवायला बसलं की प्रत्येक पदार्थ किती उंचीवरचा, ते कळतं. समुद्राच्या पाण्याखालून सुरुवात, ती थेट अँडीज पर्वतात ४००० मीटरच्या वर. आपला बटाटासुद्धा मूळचा त्याच डोंगरातला.

आता तुमचं कार्ड काढा. 'फिश थाळी, फिश फ्राय.' अहो, पण मासा कुठला? पूर्णा नदीचा, सिद्धेश्वरच्या पाण्यातला, आज सकाळी जाळ्यात आलेला, हे लिहा की! हळद वसमतची, भाकरी ज्वारीची. खरं असेल तरच, बरं का. बाहेरून बर्फातला मासा आणला, तर त्या दिवशी गिऱ्हाइकाला तसं सांगा.

एक मात्र करू नका. 'सेविचे' हा पेरूचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा समुद्री मासा. व्हिडिओ बघून कुणीतरी तो धरणाच्या माशाचा करायला जाईल. लिंबाने मांस पांढरं पडतं, पण गोड्या पाण्यातल्या माशातले जंत त्याने मरत नाहीत. आपला मासा पूर्ण शिजवूनच वाढा, लिंबू वरून पिळा.