तीन कटोऱ्या आणि मुंबईचा एक कायदा

दिल्लीचा मदारी जमिनीवर मांडी घालून बसतो. पुढ्यात एक फडकं, त्यावर तीन छोट्या कटोऱ्या आणि चिंध्या घट्ट वळून केलेले सुपारीएवढे गोळे. शेजारी झोळी आणि डमरू. टेबल नाही, पडदा नाही, आणि माणसं चारही बाजूंनी कडं करून उभी. नाट्यगृहातल्या जादूगाराला निदान पाठीमागची तरी काळजी नसते. मदारीच्या पाठीशीसुद्धा दहा-वीस डोळे असतात. हातभर अंतरावरून, भर उन्हात, तो एक गोळा कटोरीखाली ठेवतो, कटोरी उचलतो तर खाली काही नाही, आणि पलीकडच्या कटोरीखाली दोन. शेवटी एखाद्या कटोरीतून अख्खं लिंबू निघतं.

हा खेळ फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन विचारवंत सेनेका याने एका पत्रात वाट्या-खड्यांच्या खेळाचा उल्लेख केला. फसवणूक कशी झाली हे कळलं तर गंमतच निघून जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. 1584 मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने चेटकिणींच्या नावाखाली माणसांचा छळ होऊ नये म्हणून एक पुस्तक लिहिलं आणि त्यात हातचलाखीचे बरेच प्रकार उलगडून सांगितले. त्यामुळे या खेळाचं मूळ तत्त्व आता गुपित राहिलेलं नाही. एक गोळा नेहमी जास्तीचा असतो. लोक तीन मोजतात तेव्हा चौथा बोटांच्या बेचक्यात दडलेला असतो, आणि सगळा खेळ हा चौथा गोळा लपवत, सरकवत पुढे जातो.

हे वाचून कोणाला वाटेल, मग त्यात काय मोठंसं? चौथा गोळा माहीत असूनही तो दिसत नाही, हेच तर मोठं.

भारतीय कटोरीची घडण त्यासाठीच वेगळी आहे. पाश्चात्त्य जादूगाराचे पेले उंच, एकात एक बसणारे असतात. आपल्याकडची कटोरी उथळ असते आणि तिच्या माथ्यावर मूठ असते. ही मूठ पहिल्या दोन बोटांच्या मध्ये धरून कटोरी उचलायची, म्हणजे अंगठा आणि बाकीची बोटं मोकळी राहतात. कटोरी टेकवता टेकवता त्याच हातातला गोळा आत ढकलता येतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते फक्त भांडं ठेवणं. मांडी घालून बसण्यालाही अर्थ आहे. गुडघ्याचा आडोसा, झोळीचं तोंड, डमरू उचलायला गेलेला हात, या प्रत्येक हालचालीला उघड कारण असतं आणि तिच्या आड दुसरं काम उरकलं जातं.

तरीही खरी चलाखी हातात कमी आणि नजरेत जास्त आहे. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ गुस्ताव कुन स्वतः जादूगार आहेत. त्यांनी मायकेल लँड यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो आणि तिसऱ्या वेळी नुसता हात उडवतो, चेंडू मुठीतच राहतो. या तिसऱ्या वेळी त्याने वर पाहिलं तेव्हा 68 टक्के प्रेक्षकांना चेंडू हवेत जाताना ‘दिसला’. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं तेव्हा हे प्रमाण 32 टक्क्यांवर आलं. गंमत अशी की प्रेक्षकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली तेव्हा चेंडू जिथे दिसला म्हणून ते सांगत होते, तिथे त्यांचे डोळे गेलेच नव्हते. ते जादूगाराचा चेहरा पाहत होते. समोरचा माणूस जिकडे बघतो तिकडे आपलं लक्ष जातं, ही माणसाची उपजत सवय. ‘जमूरे!’ अशी हाक देऊन मदारी आपल्या मदतनीस पोराकडे वळतो, पोरगा ‘जी उस्ताद’ म्हणतो, सगळे त्या पोराकडे बघतात, आणि तेवढा क्षण मदारीला पुरतो.

हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. बापाचा जमूरा होऊन पोरगा कड्यात उभा राहतो आणि बघत बघत शिकतो. दिल्लीत अशा घराण्यांची मोठी वस्ती पश्चिमेला शादीपूर डेपोजवळ होती. राजस्थानातून आलेल्या कळसूत्री बाहुल्यांच्या कलावंतांवरून तिचं नाव कठपुतली कॉलनी पडलं. तिथे जादूगार, डोंबारी, ढोलवादक शेजारी शेजारी राहिले. अमेरिकन अभ्यासक ली सीगल यांनी इथल्या जादूगारांबरोबर राहून, फिरून ‘नेट ऑफ मॅजिक’ हे पुस्तक 1991 मध्ये लिहिलं. दिल्लीतल्या जादूगारांची वस्ती सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ या 1981 च्या कादंबरीतही आहे.

दिल्लीच्या या परंपरेतले इशामुद्दीन खान यांनी 1995 मध्ये कुतुबमिनारजवळ उघड्यावर दोरीची जादू करून दाखवली. टोपलीतून दोर आपोआप ताठ उभा राहतो आणि पोरगा त्यावर चढतो. या जादूची जगभरची कीर्ती मुळात एका थापेवर उभी होती. 1890 मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने ती छापली आणि काही महिन्यांनी खोटी असल्याचं कबूलही केलं, पण कबुलीपेक्षा थाप जास्त पसरली. शंभर वर्षांनंतर ती प्रत्यक्षात उतरवण्याचं काम दिल्लीच्या रस्त्यावरच्या कलावंताने केलं, याचा अभिमान वाटायला हवा.

अशा कलावंताला कायद्याने मात्र भिकाऱ्यांत बसवलं होतं, आणि तो कायदा आपल्याकडून गेलेला. तत्कालीन मुंबई राज्याचा 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा पुढे दिल्लीला लागू झाला. त्यातल्या व्याख्येनुसार सार्वजनिक ठिकाणी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे मागणं हीसुद्धा भीकच. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत सरकारी गृहात डांबण्याची तरतूद. मदारी आधी खेळ दाखवतो आणि मग फडकं पुढे करतो. तिकीट खिडकी नाही एवढाच त्याच्यात आणि नाट्यगृहातल्या कलावंतात फरक. त्या फरकावर दशकानुदशकं पोलिसाचा दंडुका चालत राहिला, हा अन्यायच होता. ऑगस्ट 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हर्ष मंदर आणि कर्णिका साहनी यांच्या याचिकांवर निकाल देताना, भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी या कायद्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात कायदा तसाच राहिला.

निकाल आला तोवर कठपुतली कॉलनीची वस्ती मोडली होती. दिल्ली विकास प्राधिकरणाने ती जागा खासगी विकासकामार्फत पुनर्विकासाला दिली, अनेक कुटुंबं आनंद पर्वतच्या संक्रमण शिबिरात गेली आणि ऑक्टोबर 2017 मध्ये उरलेल्या घरांवर बुलडोझर फिरले. त्याआधीची वस्ती ‘टुमॉरो वी डिसअपिअर’ या 2014 च्या माहितीपटात पाहायला मिळते. त्यात बाहुलीकार पूरन भाट आहेत, कसरतपटू माया पवार आहेत आणि जादूगार रहमान शाहही आहेत.

पुनर्वसनाचा आराखडा बहुमजली इमारतींचा होता. लांब बाहुल्या, बांबू, ढोल सदनिकेत ठेवायचे कुठे, असा प्रश्न कलावंत विचारत होते. जादूगाराचा संसार झोळीत मावतो, त्याला सामानाची अडचण नाही. त्याची गरज आहे ती तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेची, जिथे माणसं कडं करून उभी राहतील आणि आठ वर्षांचा जमूरा त्या कड्यात उस्तादाच्या हाताकडे न बघता बघायला शिकेल. इमारतीच्या नकाशात वाहनतळ आखला जातो, तसा हा चौकही आखता येतो.