वीज गेल्यावर पहारा कोणाचा?

आमच्या नाशिकास रामकुंडानजीक गोदावरीच्या पात्रांत दुतोंड्या मारुतीची भव्य मूर्ति उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागलें कीं कमरेस, यावरून पुराची इयत्ता ठरविण्याचा येथील लोकांचा परिपाठ आहे. २०१६ व २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील पुरांतहि सर्वांची दृष्टि तिकडेच लागली होती. साक्षी असावा तर असा, ऐन संकटांत उभा राहणारा! हल्लीं घरोघर जे कॅमेरे बसविलेले दिसतात, ते या कसोटीस उतरतील काय?

गेल्या पावसाळ्यांतील आमच्याच घरची गोष्ट सांगतों. रात्रीं वादळ होऊन वीज गेली, ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं आली. तिन्हीसांजेस देवापुढें दिवा लावतांना चांदीचें निरांजन जागेवर नाहीं, असें वहिनींच्या ध्यानांत आलें. सकाळीं बाहेरचें माणूस म्हणजे भांडीं घासणाऱ्या बाई तेवढ्या येऊन गेल्या होत्या. दाराशीं कॅमेरा होता. पण वीज गेल्या क्षणापासून त्यानेंहि डोळे मिटले होते. बाईंवर उघड आरोप कोणीं केला नाहीं. तथापि नजरा बोलल्या, आणि त्या स्वाभिमानी बाईंनीं काम सोडलें. आठ दिवसांनीं निरांजन नातवंडांच्या खेळण्यांत सांपडलें! मीं स्वतः जाऊन क्षमा मागितली. बाई सौजन्यानें बोलल्या, पण परत आल्या नाहींत. त्या रिकाम्या हातीं दाराबाहेर पडल्या, एवढें चित्रण असतें तरी पुरें होतें. कॅमेरा चोर धरण्यासाठीं असतो, अशी माझी समजूत होती. निरपराध्याची अब्रू राखणें हेंहि त्याचेंच काम, हें मला तेव्हां कळलें.

यानंतर या विषयाची जी माहिती मीं मिळविली, तिचें सार वाचकांस सादर करतों. इंटरनेट बंद पडणें व वीज जाणें या दोन निराळ्या आपत्ति आहेत. चित्रण घरांतील रेकॉर्डरच्या हार्डडिस्कवर अथवा कॅमेऱ्यांतील मेमरी कार्डावर सांठत असेल, तर इंटरनेटवांचून तें अडत नाहीं. दूर असतां मोबाइलवर पाहणें तेवढें थांबतें. परंतु जो कॅमेरा आपलें चित्रण केवळ दूरस्थ संगणकाकडे धाडतो, त्याचें काम इंटरनेटबरोबरच खुंटतें. म्हणून चित्रण घरांत सांठतें ना, हा प्रश्न खरेदीपूर्वींच विचारावा.

वीज गेली म्हणजे मात्र सर्वच थांबतें. यू.पी.एस. नुसत्या रेकॉर्डरला जोडून भागत नाहीं. कॅमेऱ्यांस वीज पुरविणारें उपकरणहि त्यावरच हवें. हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्यास सुमारें ६ वॅट धरले, तर चार कॅमेऱ्यांस २४, व रेकॉर्डर वगैरेंस १६. एकूण ४० वॅट. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरींत ८४ वॅट-तास असतात. घट वजा जातां तासाभराची बेगमी झाली. घरच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १८०० वॅट-तास असतात. पंखे आवरते घेतल्यास तींत रात्र सहज निभते. वीज परतल्यावर रेकॉर्डरचें घड्याळहि पाहावें. त्यांतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली कीं तारीख चुकते, आणि चुकीच्या तारखेची साक्ष कोण मानणार?

हा केवळ घरगुती प्रश्न आहे असें नव्हे. २ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, तेव्हां जेथें वीज वा इंटरनेट नाहीं तेथें सौर अथवा पवनशक्तीनें कां होईना, वीज पुरवावी असें बजावलें. कोठडींतील दुर्बळ माणसाचें रक्षण हा त्यामागील हेतु होता.

शेवटीं एक शिक्षकी सूचना. परीक्षा घेतल्यावांचून विद्यार्थ्याची तयारी कळत नाहीं. दर अमावास्येस घरचा मुख्य स्विच दहा मिनिटें बंद करावा, आणि त्या दहा मिनिटांचें चित्रण झालें कीं नाहीं तें पाहावें. आमच्या चित्रणांत एका सकाळीची जागा रिकामी राहिली. ती आम्हीं आमच्या संशयानें भरली. वाचकहो, आपल्या घरीं तसें न होवो.