एजंट विचारतो, ‘अकाउंट चालू आहे का?’ उत्तर कसं लिहायचं?

हट्ट्याहून बोलतोय. ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

[००:३५] आधी विषय काय ते

एआय एजंट म्हणजे नुसती उत्तरं देणारा चॅटबॉट नाही, तो टूल्स वापरून कामंही करतो. टूल जोडायची एक ठरलेली पद्धत आहे, एमसीपी. अँथ्रोपिक कंपनीने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. आपल्याकडे झिरोधाने २०२५ मध्ये ‘काईट एमसीपी’ आणलं. त्यामुळे एजंट तुमच्या परवानगीने होल्डिंग्ज, मार्जिन, ऑर्डर्स बघू शकतो. त्यांच्या सर्व्हरवर जे व्हर्जन आणलं, त्यात ऑर्डर टाकायची टूल्स बंद ठेवली होती. शहाणपणाचं काम!

मी स्वतःसाठी अशा अकाउंटचं एक छोटं ‘स्टेटस चेक’ टूल लिहिलंय. कोड एका संध्याकाळी झाला. डॉक्युमेंटेशनला मात्र आठवडा लागला. का, ते सांगतो.

[०१:४०] डॉक्युमेंट वाचतं कोण?

एरवी डॉक्युमेंट माणूस वाचतो. काही अर्धवट असलं तर तो फोन करून विचारतो. इथे टूलचं वर्णन मॉडेल वाचतं आणि त्यावरूनच पुढचं पाऊल ठरवतं. ‘अकाउंटची स्थिती सांगते’ एवढंच लिहिलं तर कसली स्थिती? लॉगिनची, बाजाराची की ऑर्डरची? मॉडेल अंदाज लावणार, आणि पैसे तुमचे जाणार.

[०२:२०] हळदीचं उदाहरण

वसमतच्या मार्केटला हळद नेली की घरून फोन येतो, “विकली का?” आपण म्हणतो, “ढीग टाकलाय.” ढीग टाकला म्हणजे विकली का? नाही. बोली लागायची, काटा व्हायचा, मग पट्टी हातात येते. ऑर्डरचंही तसंच आहे. काईटमध्ये ‘ओपन’ म्हणजे ढीग टाकलाय. ‘कंप्लीट’ म्हणजे पूर्ण सौदा झाला. ‘ट्रिगर पेंडिंग’ म्हणजे ठरवलेल्या भावाची वाट बघणं चालू आहे. ‘रिजेक्टेड’ आणि ‘कॅन्सल्ड’ म्हणजे विषय संपला.

आणि ‘ओपन’मध्ये एक मेख आहे. १०० शेअर्सपैकी ४० मिळालेले असू शकतात, म्हणजे काही पोत्यांचाच काटा झालाय. म्हणून किती मिळाले आणि किती बाकी, हे दोन आकडे उत्तरात वेगवेगळे हवेत.

[०३:३०] मी लिहिलेले चार नियम

१. लॉगिन वेगळं, बाजार वेगळा. काईट कनेक्टचं टोकन दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला संपतं. शेअर बाजाराचा नेहमीचा व्यवहार सोमवार ते शुक्रवार, सव्वानऊ ते साडेतीन. सकाळी सात वाजता ‘टोकन संपलं’ असं आलं, तर त्याचा अर्थ ‘खातं बंद पडलं’ असा नाही. तिथे एजंटने थांबून माणसाला लॉगिन करायला सांगायचं.

२. प्रत्येक आकड्यासोबत वेळ. ‘शिल्लक ८,०००’ कधीची? दहा मिनिटांपूर्वीची असेल तर तसं दिसलंच पाहिजे.

३. कुठे बघायचं ते सांगा. आज डिलिव्हरीसाठी घेतलेला शेअर आज पोझिशन्समध्ये दिसतो, होल्डिंग्जमध्ये नाही. हे माहीत नसलेला एजंट म्हणेल, “खरेदी झालीच नाही.”

४. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. हा सगळ्यात महत्त्वाचा.

[०४:५०] चौथा नियम जरा सविस्तर

समजा एजंटला ऑर्डर टाकायची परवानगी दिली. त्याने ऑर्डर पाठवली आणि नेटवर्क गेलं. (आमच्याकडे पावसात हे नवीन नाही.) उत्तर आलं नाही. पण ऑर्डर पोचली असेल! स्टेटस टूलने इथे ‘ऑर्डर नाही’ म्हटलं की एजंट परत टाकणार. दहा हजारांची खरेदी वीस हजारांची झाली.

म्हणून माझ्या डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट वाक्य आहे: ‘उत्तर अनिश्चित असेल तर नवीन ऑर्डर टाकू नका. आधी ऑर्डर बुक तपासा.’ काईटमध्ये ऑर्डरला आपला टॅग लावता येतो. प्रत्येक प्रयत्नाला वेगळा टॅग दिला की आपली ऑर्डर त्या यादीत नेमकी सापडते. यादीच उघडत नसेल तर एजंटने गप्प बसायचं आणि माणसाला कळवायचं.

[०६:००] जाता जाता

एमसीपीमध्ये टूलवर ‘फक्त वाचतं’ अशी खूण करता येते. पण ती खूण म्हणजे पाटी आहे, कुलूप नाही. ‘आत येऊ नये’ लिहिल्याने दार बंद होत नाही. खरं कुलूप सर्व्हरवर लावायचं, म्हणजे ऑर्डरचं टूल एजंटला द्यायचंच नाही. सुरुवात तिथूनच करा. आणि पासवर्ड, ओटीपी चॅटमध्ये टाकू नका. लॉगिन ब्रोकरच्याच पानावर, स्वतःच्या हाताने.

तुमच्याकडे असं टूल असेल तर आज एक प्रयोग करा. फक्त टूलचा ब्रोकरशी असलेला संपर्क तोडा आणि एजंटला विचारा, “माझी ऑर्डर झाली का?” तो “नाही” म्हणाला तर डॉक्युमेंट परत लिहायला घ्या. “मला कळत नाहीये, तुम्ही बघा” म्हणाला तर गडी कामाचा आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!