शेवटच्या चार-पाच सोंगट्यांचे गणित

पोटापाण्याचा उद्योग आणि मनाचा छंद यांची गाठ क्वचितच पडते. दिवसभर खर्डेघाशी करून संध्याकाळी पेटी घेऊन बसणारा गृहस्थ आपल्या परिचयाचा असतो. पण कचेरीतली हत्यारेच छंदाच्या कामी यावीत, हे भाग्य थोड्यांचे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ केन टॉमसन हे त्या थोड्यांपैकी एक होत. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत नोकरीस असताना १९६९ साली त्यांनी ‘युनिक्स’ या संगणकव्यवस्थेचा पाया घातला आणि डेनिस रिची यांच्या साथीने ती वाढविली. आज घरोघरी वापरात असलेल्या फोनांतील व्यवस्था बहुतांशी त्याच घराण्यातल्या किंवा त्या धर्तीवर बेतलेल्या आहेत. एका जन्मास एवढे कर्तृत्व पुरेसे होते. परंतु टॉमसन यांना बुद्धिबळाचा नाद होता.

सहकारी जो कॉन्डन यांच्या मदतीने त्यांनी केवळ बुद्धिबळ खेळणारे ‘बेल’ नावाचे यंत्र सिद्ध केले. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ सुंदरी. सेकंदास सुमारे १,६०,००० स्थिती तपासणाऱ्या या सुंदरीने १९८० साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली. १९८२ साली तिला मॉस्कोस नेत असता न्यूयॉर्कच्या विमानतळावर अमेरिकन जकात खात्याने तिला जप्त केले. प्रगत यंत्र रशियाच्या हाती पडू नये, ही धास्ती! विमानातून कोणाच्या डोक्यावर टाकले, तरच या यंत्राचा लष्करी उपयोग व्हावयाचा, अशा आशयाचा शेरा टॉमसन यांनी मारला.

मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. पटावर चार-पाचच सोंगट्या उरल्या, तर त्यांच्या सर्व मांडण्या यंत्रास मोजता येतात. टॉमसन यांनी हिशेब उलटा मांडला. प्रथम मात झालेल्या सर्व स्थिती टिपावयाच्या. मग जेथून एका खेळीत मात होते त्या. नंतर प्रतिपक्षाने काहीही केले तरी जेथून तेथेच यावे लागते त्या. असे मागे मागे जात राहिले, की प्रत्येक स्थितीचा निकाल आणि त्यास लागणाऱ्या खेळ्या कोष्टकात मिळतात. येथे अंदाजाला जागाच उरत नाही.

या कोष्टकाची प्रचीती १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांना आली. वजीर विरुद्ध हत्ती हा डाव वजीरवाल्याने सहज जिंकावा, असे सारे ग्रंथ सांगत. ब्राउन यांनी पैज घेतली. बिनचूक खेळल्यास ३१ खेळ्यांत जिंकता येणारी स्थिती त्यांना मिळाली. पण हत्ती सांभाळणारे यंत्र असा विचित्र बचाव करी, की ५० खेळ्यांच्या मर्यादेत त्यांना जिंकता येईना. ते घरी जाऊन अभ्यासास बसले, पुन्हा आले, आणि नेमक्या पन्नासाव्या खेळीस त्यांनी हत्ती मारला. नामवंत ग्रँडमास्टराने पुन्हा विद्यार्थी व्हावे, हे मला शिक्षक म्हणून फार भावते.

दोन उंट विरुद्ध एक घोडा या डावाची कथा याहून नवलाची. घोडेवाल्याने विशिष्ट रचना साधली की बरोबरी, असे क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ साली लिहून ठेवले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते प्रमाण मानले गेले. १९८३ मध्ये टॉमसन यांच्या कोष्टकाने दाखविले, की उंटवाल्याचाच विजय होतो. मात्र त्यास ६६ खेळ्यांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे काही डावांपुरती पन्नास खेळ्यांची मर्यादा वाढवावी लागली. १९९२ मध्ये ती पुन्हा सर्वत्र पन्नासच झाली.

कोष्टक उत्तर देते, कारण देत नाही. ते शोधण्याचे काम इंग्लंडचे ग्रँडमास्टर जॉन नन यांनी अंगावर घेतले. मूळचे गणितज्ञ असलेल्या नन यांनी टॉमसन यांची कोष्टके चाळून, कोणती खेळी कशासाठी हे माणसास समजेल अशा रीतीने लिहिले. प्याद्यांविना होणाऱ्या अंत्यडावांवरील त्यांचा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला.